स्वस्त स्नेअर ड्रमचा आवाज सुधारताना: पाने, तारा आणि सुराची जुळवणी

नवशिक्यांच्या ड्रमसेटबरोबर जो स्नेअर ड्रम, म्हणजे तळाला तारा लावलेला ड्रम, मिळतो, तो बहुधा १४ इंच व्यासाचा, साडेपाच इंच उंचीचा, पातळ पोलादी पत्र्याचा किंवा पॉपलरसारख्या हलक्या लाकडाचा असतो आणि त्याला वर-खाली आठ-आठ बोल्ट असतात. त्याच्याविषयीची तक्रारही सगळीकडे जवळपास एकच ऐकू येते. फटका पत्र्याच्या डब्यावर पडल्यासारखा वाटतो, त्यामागे एक कर्कश गुंज रेंगाळत राहते आणि हलक्या हाताने वाजवले तर खालच्या तारा बोलतच नाहीत. असे झाले की बहुतेक जण ड्रमच्या किमतीला दोष देतात आणि नव्या ड्रमसाठी पैसे साठवू लागतात. असे बरेच ड्रम उघडून, साफ करून पुन्हा जुळवल्यानंतर माझे मत निराळे झाले आहे. दोष ड्रमच्या खोडात, म्हणजे त्याच्या पोकळ गोल अंगात, क्वचितच असतो. तो कारखान्यातून आलेल्या हलक्या पानांत (वर-खाली ताणलेल्या पडद्यांत), वाकड्या-तिकड्या तारांत आणि सर्वांत अधिक म्हणजे कधीच सुरात न लावलेल्या खालच्या पानात असतो. या तिन्ही गोष्टी घरी बसून, एक ड्रमची चावी आणि थोडा संयम एवढ्या भांडवलावर दुरुस्त करता येतात.

लडविग या अमेरिकी कंपनीच्या दोन ड्रमचे उदाहरण येथे बोलके आहे. तिचा ‘सुप्राफोनिक’ हा व्यावसायिक वादकांचा ड्रम आणि ‘अ‍ॅक्रोलाइट’ हा विद्यार्थ्यांसाठी काढलेला स्वस्त ड्रम या दोहोंचे अ‍ॅल्युमिनियमचे खोड मुळात एकाच घडणीचे होते. स्वस्त ड्रमला क्रोमचा मुलामा नव्हता आणि दहाऐवजी आठ बोल्ट होते, एवढाच मोठा फरक. आज जुना अ‍ॅक्रोलाइट मिळाला तर मुरलेले वादक तो आनंदाने विकत घेतात. प्रत्येक स्वस्त ड्रम अ‍ॅक्रोलाइट नसतो हे खरे, परंतु ड्रम टाकून देण्याआधी त्याच्या खोडाला एक प्रामाणिक संधी द्यावी, इतके तरी त्यावरून नक्की समजते.

पुढील लेखनात ज्याला इंग्रजीत हेड म्हणतात त्याला मी आपल्या ढोलताशा पथकांच्या बोलीप्रमाणे पान म्हणणार आहे. काठी पडते ते वरचे पान, आणि तारा टेकलेल्या असतात ते खालचे. पान दाबून धरणारे धातूचे कडे म्हणजे रिम, रिममधून जाणारे लांब बोल्ट ज्यांत बसतात ते खोडावरचे लग, आणि तारा पानाला लावणारा किंवा सोडवणारा बाजूचा खटका म्हणजे थ्रो-ऑफ.

पैसे खर्च करण्याआधीची तपासणी

प्रथम ड्रम पूर्ण सुटा करावा. बोल्ट सोडवताना एकच बोल्ट शेवटपर्यंत काढू नये. सगळे थोडे थोडे सैल करत जावे, म्हणजे रिमवर एकाच बाजूचा ताण येत नाही. कोणता बोल्ट कोठला हे लक्षात ठेवण्याची गरज नाही, परंतु वरच्या आणि खालच्या बाजूचे बोल्ट वेगवेगळ्या वाट्यांत ठेवावेत, कारण काही ड्रममध्ये त्यांची लांबी वेगळी असते.

आता उघडे खोड अगदी सपाट पृष्ठभागावर ठेवायचे आहे. आपल्याकडच्या स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा यासाठी उत्तम. आधी पट्टी आडवी-तिरपी ठेवून तो खरोखर सपाट आहे का ते पाहावे. खोलीतला दिवा मालवून खोडाच्या आत विजेरी ठेवावी आणि बाहेरून डोळे ओट्याच्या पातळीला आणून सर्व बाजूंनी पाहावे. ज्या ठिकाणी कडेखालून प्रकाश येतो त्या ठिकाणी कड खाली गेलेली आहे. येथे एक महत्त्वाचा इशारा द्यायला हवा. खालच्या कडेला समोरासमोर दोन ठिकाणी मुद्दाम केलेला उथळ खोलगटपणा असतो; तारांची पट्टी त्यावरून जाते आणि त्यामुळेच ती पानाला सपाट टेकते. तेथून येणारा प्रकाश हा दोष नव्हे, आणि तो खोलगटपणा घासून सपाट करण्याचा मोह झाला तर ड्रम कायमचा बिघडेल.

लाकडी खोडाची वरची कड किंचित असमान असल्यास बारीक पॉलिश कागद जाड काचेवर चिकटवून त्यावर खोड हलक्या हाताने गोल फिरवता येते, पण हे काम अगदी थोडेच करावे, नाहीतर कडेची धार बोथट होते. त्यानंतर कडेवर साधी मेणबत्ती फिरवून घ्यावी, म्हणजे पान तिच्यावर अडकत नाही आणि सहज सरकून बसते. कड फार वाकडी असेल तर ते काम सुताराकडे न देता ड्रम दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे द्यावे. पोलादी खोडाची कड पत्रा दुमडून केलेली असते. ती घासू नये, फक्त कापडाने पुसावी.

दोन्ही रिमही त्याच ओट्यावर ठेवून पाहाव्यात. एका बाजूने दाबल्यावर दुसरी बाजू उचलली जात असेल तर रिम वाकलेली आहे. तसेच टेपने चार दिशांनी व्यास मोजावा. दोन मापांत डोळ्यांना सहज दिसेल एवढा फरक असेल तर ती रिम वर्तुळाकार राहिलेली नाही. अशा रिमवर कितीही वेळ घालवला तरी पान एकसारखे ताणले जाणार नाही, आणि माझ्या अनुभवात ‘हा ड्रम सुरात येतच नाही’ या तक्रारीमागे बऱ्याच वेळा हेच कारण निघाले आहे.

लग खोडाला आतून ज्या स्क्रूंनी धरलेले असतात ते वाजवून वाजवून सैल होतात, म्हणून तेही कसून घ्यावेत, मात्र लाकूड चेपेल इतके नाही. जुन्या पद्धतीच्या पोकळ लगांत स्प्रिंग असते आणि ती प्रत्येक फटक्याला बारीक खणखणते. तिच्याभोवती थोडा कापूस भरला की तो आवाज थांबतो. बोल्टांच्या आट्यांवरची जुनी घाण ब्रशने काढून प्रत्येकाला किंचित पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस लावावे. ही बाब किरकोळ वाटते, पण कोरडा बोल्ट मध्येच अडतो आणि चावी घट्ट लागली म्हणजे पान ताणले गेले असा आपला चुकीचा समज होतो.

कोणत्या गोष्टीवर आधी खर्च करावा

माझ्या मते क्रम ठरलेला आहे: आधी दोन्ही पाने, मग तारा, आणि बाकी सर्व नंतर. रिम, थ्रो-ऑफ, बोल्टांचे वॉशर या गोष्टींचा परिणाम होतो, पण पाने आणि तारा बदलल्यावर जो फरक ऐकू येतो त्यापुढे तो लहान असतो.

कॅलिफोर्नियात १९५७ साली सुरू झालेल्या रेमो या कंपनीने पॉलिएस्टर फिल्मची पाने बाजारात रुळवली. त्याआधी ड्रमला वासराचे कातडे असे आणि पावसाळी हवेत तबल्याप्रमाणे तेही उतरत असे. वरच्या बाजूसाठी पहिली खरेदी म्हणून एकेरी थराचे, १० मिल म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर जाडीचे, पांढऱ्या खरखरीत लेपाचे पान घ्यावे. रेमोचे कोटेड अम्बॅसेडर आणि एव्हान्सचे कोटेड जी-वन ही त्या जातीची सर्वपरिचित पाने आहेत. असे पान हलक्या स्पर्शालाही उत्तर देते आणि ब्रशने वाजवायचे असेल तर त्या खरखरीत लेपाशिवाय आवाजच निघत नाही. दोन थरांचे पान जास्त टिकते आणि जोरकस वाजवणाऱ्याला सोयीचे पडते, परंतु त्याने बारीक काम दबते. कडेला आतून पातळ रिंगण चिकटवलेली पाने गुंज कमी करतात. खोड पोलादी असेल आणि वाजवायची खोली लहान असेल तर त्यांचा विचार अवश्य करावा.

खालचे पान मात्र खास स्नेअरच्या तळासाठी केलेलेच हवे. त्याची जाडी बहुधा ३ मिल, म्हणजे वरच्या पानाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी असते. पैसे वाचवण्यासाठी तेथे वरचे जुने पान बसवलेले मी पाहिले आहे. जाड पान तारांना हलवू शकत नाही, आणि मग तो ड्रम स्नेअर न राहता लहानसा टॉम, म्हणजे ड्रमसेटमधला बिनतारांचा ड्रम, होतो.

तारांमध्ये २० तारांची पट्टी सर्वसाधारण कामासाठी योग्य असते. विकत घेण्यापूर्वी ती डोळ्यांसमोर आडवी धरून पाहावी: सर्व तारा एका पातळीत आहेत का, एखादी सैल लोंबते का, टोकाच्या पट्ट्या सरळ आहेत का. एक जरी तार ताणली जाऊन लांब झाली असेल तरी ती इतरांपासून वेगळी थरथरते आणि प्रत्येक फटक्यामागे किणकिण ऐकू येते. जुन्या पट्टीत अशी एखाद-दुसरी तार असेल तर ती दोन्ही टोकांना जपून कापून टाकता येते. नवी पट्टी घेईपर्यंत तेवढ्याने भागते.

खालचे पान आधी

सूर लावण्याची सुरुवात नेहमी खालून करावी. बहुतेक नवशिके खालच्या पानाला हातच लावत नाहीत, कारण ते कागदासारखे पातळ दिसते आणि फाटेल अशी भीती वाटते. वस्तुतः ते बराच ताण सहन करते आणि तो ताण त्याला हवाच असतो. सैल खालच्या पानावर तारा उशिरा बोलतात आणि आवाज फसफसतो.

पान खोडावर ठेवून वर रिम ठेवताना तारांच्या पट्टीसाठी असलेल्या रिममधल्या दोन फटी कडेवरच्या खोलगट जागांच्या बरोबर समोर येतील असे पाहावे. मग समोरासमोरचे दोन बोल्ट दोन्ही हातांनी एकाच वेळी, चावी न वापरता, बोटांनी जेवढे घट्ट होतील तेवढेच करावेत. आठही बोल्ट असे झाले की चावी घ्यावी. घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणल्यास क्रम चुकत नाही: बाराचा बोल्ट, मग समोरचा सहाचा, मग तीनचा, मग नऊचा; त्यानंतर दीडचा, साडेसातचा, साडेचारचा आणि साडेदहाचा. प्रत्येकाला एका वेळी अर्धाच फेरा द्यावा, आणि पान ताणाला येऊ लागले की पाव फेरा. शेजारचे बोल्ट ओळीने घट्ट केले तर पान एका बाजूला सरकते आणि नंतर ते कोणत्याही उपायाने मध्यावर येत नाही.

खालच्या पानासाठी बोटांच्या घट्टपणानंतर साधारण दीड ते दोन फेरे ही चांगली सुरुवात आहे. अंगठ्याने मध्यावर हलके दाबल्यावर ते जेमतेम दबले पाहिजे. आता प्रत्येक बोल्टपासून इंचभर आत बोटाने किंवा काठीच्या टोकाने अगदी हळू टिचकी मारून आवाज ऐकावा. खोलगट जागांच्या दोन्ही बाजूंचे बोल्ट किंचित वेगळे ऐकू येतात, कारण तेथे पान कडेवर वेगळ्या कोनातून जाते. त्यांचे सूर इतरांच्या शक्य तितके जवळ आणले की पुरे. या पानावर काठीने जोराचा फटका कधीही मारू नये.

वरचे पान आणि कान

वरचे पान बसवण्याची रीत तीच, फक्त मधे एक पायरी अधिक आहे. बोल्ट बोटांनी घट्ट करून एकेक फेरा दिल्यावर तळहाताने पानाच्या मध्यावर भार देऊन ते चांगले दाबावे. कधी कधी कडेचा गोंद कडकडल्यासारखा आवाज येतो. त्याने घाबरून जाऊ नये. पान कडेवर बसते आहे, एवढाच त्याचा अर्थ. दाबल्यावर एखाद्या ठिकाणी सुरकुती दिसली तर त्याच बाजूचा बोल्ट थोडा वाढवावा. शक्य असेल तर पान अपेक्षित सुराहून जरा वर चढवून रात्रभर तसेच ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी उतरवून पुन्हा लावावे, म्हणजे नंतर ते वरचेवर उतरत नाही.

आता खटका सोडून तारा पानापासून दूर कराव्यात आणि ड्रम जाड उशीवर ठेवावा, म्हणजे खालचे पान मुके होते व फक्त वरच्या पानाचा आवाज कानी येतो. पानाच्या मध्यावर एक बोट हलके टेकवून प्रत्येक बोल्टजवळ टिचकी मारावी. तबला मिळवणारा जसा एका घरावर समाधान मानत नाही, गजऱ्यावर हातोडीने ठोकत सर्व घरे एका सुरात आणतो, तसेच हे काम आहे, आणि ज्याने कधी तबला जुळताना मन लावून ऐकला आहे त्याचा कान येथे निम्मे काम करतो. ज्या बोल्टजवळ सूर उतरलेला असेल तेथे पाव फेऱ्याहून कमी वाढवावे, आणि लगेच समोरचा बोल्टही ऐकावा, कारण समोरासमोरचे बोल्ट एकमेकांचा सूर ओढतात. एखादा बोल्ट फार चढलेला असेल तर तो हव्या सुराच्या खाली उतरवून मग वर आणावा. वरून खाली आणून थांबलेला बोल्ट काही मिनिटे वाजवल्यावर आणखी उतरतो. खालून वर आणलेला टिकतो.

सर्व बोल्ट एका सुरात आले की प्रश्न उरतो तो किती चढवायचे याचा. याचे उत्तर प्रत्येक खोडागणिक वेगळे असते आणि ते शोधण्याची एकच रीत मला भरवशाची वाटते. सैल अवस्थेपासून सर्व बोल्टांना पाव-पाव फेरा देत वर जावे आणि प्रत्येक टप्प्यावर तारा लावून मध्यावर चार-सहा फटके मारून ऐकावे. एका टप्प्यावर ड्रम अचानक उघडतो, फटक्याला धार आणि अंग दोन्ही येतात. आणखी काही टप्प्यांनंतर तो गुदमरल्यासारखा कोरडा पडतो. या दोहोंच्या मधली जागा त्या ड्रमची स्वतःची. साडेपाच इंची पोलादी ड्रम बहुधा मध्यम ते जरा वरच्या ताणावर चांगले बोलतात. खालचे पान वरच्यापेक्षा चढे ठेवावे. वरचे षड्ज मानले तर खालचे मध्यम ते पंचमाच्या दरम्यान, हा अंदाज बहुतेक वेळा उपयोगी पडतो. शक्य असल्यास कोणाला तरी वाजवायला सांगून आपण तीन-चार मीटर दूर उभे राहावे. वादकाच्या कानाशी जी गुंज खुपते, ती तेवढ्या अंतरावर आवाजाचा भरीवपणा म्हणून ऐकू येते, आणि मग तिला मारण्याची घाई आपोआप कमी होते.

तारांची पट्टी

ड्रम उलटा करून थ्रो-ऑफचा खटका लावलेल्या स्थितीत आणि ताणाचा स्क्रू जवळजवळ पूर्ण सैल ठेवावा. पट्टी अशी ठेवावी की तिची दोन्ही टोके दोन्ही बाजूंच्या कडांपासून सारख्याच अंतरावर राहतील. टोकाची पट्टी कडेवर चढली तर तारा कधीच सपाट टेकणार नाहीत. आधी खटक्याच्या समोरची बाजू दोरीने किंवा प्लॅस्टिकच्या फितीने पक्की करावी, नंतर खटक्याकडची फीत दोन्ही बाजूंनी सारखी ओढून कसावी. एक बाजू जास्त ओढली गेली तर अर्ध्या तारा ताठ आणि अर्ध्या ढिल्या राहतात. दोरीपेक्षा रुंद फीत मला अधिक पसंत आहे, कारण ती पट्टीला तिरपे होऊ देत नाही.

यानंतर ड्रम सरळ करून पानाच्या कडेजवळ अगदी हलक्या टिचक्या मारत ताणाचा स्क्रू हळूहळू घट्ट करावा. सर्वांत मंद टिचकीलाही तारा स्पष्ट उत्तर देऊ लागतील तेथे थांबावे. अनेक जण खरखर कमी करण्यासाठी स्क्रू पुढेही आवळत राहतात. त्याने तारा पानाला चिकटून बसतात, मंद वाजवणे अशक्य होते आणि आवाज लाकडी फळीसारखा होतो.

टॉम वाजवताना स्नेअरच्या तारा आपोआप थरथरतात, हे पूर्णपणे थांबवता येत नाही आणि ते थांबवण्यासाठी स्नेअर बिघडवू नये. ज्या टॉमने हा त्रास होतो त्याचा सूर स्नेअरच्या सुराशी जुळत असतो; तो टॉम थोडा चढवला किंवा उतरवला की थरथर बरीच कमी होते. तेवढ्याने भागले नाही तर तारांच्या दोन्ही टोकांशेजारचे खालचे चार बोल्ट अगदी किंचित उतरवून पाहता येतात.

सूर नीट लागल्यावरही गुंज जास्त वाटली तरच ती दाबण्याचा उपाय करावा. उतरवलेल्या जुन्या पानातून इंचभर रुंदीचे रिंगण कापून वरच्या पानावर ठेवले तर बाजारातल्या वस्तूइतकाच उपयोग होतो. घडी केलेल्या कापडाचा लहान तुकडा रिमजवळ चिकटपट्टीने लावला तरी चालतो. मात्र सूर लावण्याआधीच चिकटपट्ट्या लावल्या, तर कोणता बोल्ट चुकला आहे हे ऐकूच येत नाही.

रिम बदलावी की नाही

पाने आणि तारा बदलून महिनाभर वाजवल्यावरही वरच्या रिमवर समाधान नसेल, तर २.३ मिलिमीटर जाडीची रिम घेता येते. स्वस्त ड्रमच्या रिम बहुधा १.६ मिलिमीटरच्या असतात. जाड रिमने रिमशॉट (पान आणि रिम यांवर एकाच वेळी मारलेला फटका) खणखणीत होतो आणि सूर अधिक काळ टिकतो. ओतीव धातूची रिम उपस्वर आणखी आवरते, पण ती वाकत नसल्याने असमान कडेच्या खोडावर सूर लावणे उलट कठीण होते. घेताना व्यासाबरोबर भोकांची संख्या मोजावी. दहा भोकांची रिम आठ बोल्टांच्या ड्रमला बसत नाही. थ्रो-ऑफ बदलायचा असेल तर खोडावरच्या त्याच्या दोन स्क्रूंच्या केंद्रांमधले अंतर मोजूनच नवा घ्यावा, म्हणजे खोडाला नवी भोके पाडावी लागत नाहीत.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत प्लॅस्टिकचे पान उतरत नाही, पण तारा आणि बोल्ट मात्र गंजतात, आणि गंजलेली तार लवकर बोलत नाही. वाजवून झाल्यावर कोरड्या कापडाने रिम व तारा पुसाव्यात, पावसाळ्यात ड्रमच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आणि वाजवायचे नसेल तेव्हा खटका सोडून तारा सैल ठेवाव्यात. नवे पान बसवल्यावर पहिले तीन-चार दिवस दर वेळी वाजवण्याआधी आठही बोल्टांपाशी टिचकी मारून सूर तपासावा, कारण याच दिवसांत ते सर्वांत जास्त उतरते.